द्राक्षे आंबट नव्हती

सल्ला देणे ही म्हातारपणातील एकमेव बिनखर्चाची चैन आहे, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. ती तितकीशी बिनखर्चाची नाही, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळले. आणि कळले तेही एका मोटारीच्या निमित्ताने, जी माझी नव्हती आणि होणारही नव्हती.

2025 सालच्या दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. अंबरनाथ पश्चिमेतील आमच्या घराच्या गॅलरीत मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. या गॅलरीतून समोरच्या इमारतीतील वाळत घातलेली धुणी दिसतात, आणि त्या धुण्यांच्या फटीतून कल्याण-बदलापूर रस्त्याचा एक तुकडा दिसतो. तेवढ्यात धाकट्या भावाचा मुलगा आला. त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने 'काकू, चहा!' अशी आरोळी ठोकली आणि माझ्या वर्तमानपत्रावर आपला मोबाइल ठेवून तो म्हणाला, "काका, दोन गाड्या आहेत. कोणती घेऊ ते सांगा."

पडद्यावर दोन चित्रे होती. एक 'थार' – उंच, चौकोनी, जाड चाकांची, रस्ता नसला तरी आपले अडणार नाही अशा ऐटीत उभी असलेली. दुसरी 'वॅगन-आर' – आपल्या घरातील लोखंडी कपाटासारखी सरळ, सोयीची आणि कोणाच्या डोळ्यांत न भरणारी.

मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. ऐरोलीला नोकरी करतो. रोज सकाळी अंबरनाथहून ठाणे आणि ठाण्याहून ऐरोली असा लोकलचा प्रवास करतो. मोटार घेतली म्हणून तो प्रवास सुटणार नव्हता; मोटार रविवारची, सणासुदीची आणि अडीअडचणीची. हिशेब त्याने चोख केला होता. त्याच्या स्वतःच्या शिलकीत 2 लाख रुपये होते. लहान गाडीकरिता आणखी 5 लाखांचे कर्ज काढावे लागे. 9 टक्के व्याजाने 5 वर्षांची मुदत धरली, तर दरमहा सुमारे 10,380 रुपयांचा हप्ता आणि एकंदर व्याज सव्वा लाखाच्या आतबाहेर. शिवाय सरकारने 22 सप्टेंबरपासून लहान मोटारींवरील कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला होता, म्हणून बाजारात तेजी होती. थारकरिता मात्र 10 लाखांचे कर्ज हवे होते. त्याच व्याजाने 7 वर्षे दरमहा सुमारे 16,090 रुपये. व्याजच साडेतीन लाखांवर जाई. आणि एवढे करूनही 3 लाख कमी पडत होते.

"ते 3 लाख कुठून आणणार?" मी विचारले.

तो चहाच्या कपात पाहत म्हणाला, "बाबा देतो म्हणाले. फंडाचे आहेत त्यांच्याकडे."

माझा भाऊ येथील आयुधनिर्माणीत आयुष्यभर राबून नुकताच निवृत्त झालेला. त्याच्या फंडाचा उल्लेख येताच मला माझे उत्तर सापडले. सापडले कसले, ते जिभेवर तयारच होते! मी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणालो, "अरे, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

हे वाक्य मी माझ्या आयुष्यात इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याच्या अर्थाकडे पाहण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. पण त्या पोराने सरळ विचारले, "काका, अंथरूण कायम तेवढंच राहायचं का?"

मी गप्प बसलो. प्रश्न उर्मट नव्हता, खराच होता. ज्या पूर्वजांनी ही म्हण घडवली त्यांना अंथरूण शिवून मिळत होते आणि ते जन्मभर पुरवावे लागत होते. पण सगळ्यांनीच पाय आखडून घेतले असते, तर अंथरूण लांब करण्याची गरज कोणाला भासली असती? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी अंथरूण पाहिले असते, तर जहाजांच्या, विमानांच्या आणि मोटारींच्या धंद्यात ते पडलेच नसते. 1944 साली, देशावर परक्यांचे राज्य असताना, त्यांनी मोटारी बनवण्यासाठी कंपनी काढली. आणि पुढे कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट गाडीने मुंबईच्या तीन पिढ्यांना हिंडवले. त्याच वंशातील पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली, तेव्हा ज्यांनी तिच्यात कधी दोनदासुद्धा पाय ठेवला नव्हता अशी माणसेही हळवी झाली. तेव्हा ऐपतीपलीकडची स्वप्ने पाहणे हा गुन्हा खास नव्हे.

तर मग कर्ज हा गुन्हा? 'ऋण काढून सण करणे' ही आपल्याकडे शिवी आहे, आणि दिवाळी अंकात तिची आठवण करून देणे शिष्टाचाराला धरून नाही हेही मी जाणतो. पण या शिवीलाही एक लखलखीत अपवाद आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाल्यावर घरच्यांच्या मनात आले, की आपलीही एक मोटार असावी. फियाटची किंमत 12,000 रुपये; गाठीला 7,000. पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडून 5,000 रुपयांचे कर्ज घेतले, चारचौघांसारखे. 11 जानेवारी 1966 रोजी ताश्कंदला त्यांचा अंत झाला. कर्ज मागे राहिले. ते ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात अजून ठेवलेली आहे.

ही गोष्ट आपण शास्त्रीजींच्या साधेपणाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु त्या रविवारी मला तिची दुसरी बाजू दिसली. कर्ज घेणारा एक असतो आणि फेडणारा दुसराच निघू शकतो. सही करताना माणसाला वाटते, आपण आपल्या भविष्याला बांधून घेत आहोत. वास्तविक त्या दोरीचे दुसरे टोक घरातील कोणाच्या तरी हातात आपण न विचारता देत असतो. ललिताबाईंनी ते हातात घेतले, कारण ते कर्ज त्यांच्यापासून लपवलेले नव्हते. म्हणून मला वाटते, कर्ज चांगले की वाईट हे रकमेवरून ठरत नाही. ते ज्यांच्या माथी येऊ शकते, त्यांना ते ठाऊक आहे की नाही, आणि 'नको' म्हणण्याची मुभा त्यांना होती की नाही, यावरून ठरते.

एवढे तत्त्वज्ञान मी पुतण्याला ऐकवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "म्हणजे परवडते ती घ्यावी. पण काका, परवडते ती गाडी घेतली, की लोक गाडीकडे बघत नाहीत, परवडण्याकडे बघतात."

या वाक्याला मी हसलो नाही. कारण या वाक्याने एक सबंध कारखाना गिळलेला आहे. 10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी एक लाख रुपयांची मोटार लोकांपुढे आणली, तो दिवस मला चांगला आठवतो. भर पावसात एकाच स्कूटरवर नवरा, बायको आणि मुले कोंबून चाललेली पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे ते सांगत. ते चित्र अंबरनाथच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पुण्याच्या मंडळींनी, गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली, पैपैचा विचार करून ती गाडी उभी केली. बंगालमधील सिंगूरचा कारखाना सोडून गुजरातेत साणंदला जावे लागले. 2009 साली विक्री सुरू झाली तेव्हा दोन लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. आणि तरीही 2018 साली नॅनोचे उत्पादन थांबले. कारणे अनेक होती. पण एक कारण टाटांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने मान्य केले, ते हे, की 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का त्या गाडीवर बसला आणि तो भोवला.

नॅनो न घेणाऱ्या माणसाला फुशारकीखोर म्हणणे सोपे आहे. मीही म्हटले होते. पण थोडा विचार केला, तर त्यात केवळ फुशारकी नव्हती. जन्मभर काटकसर केलेल्या माणसाला मोटार हवी असते ती काटकसर संपल्याची खूण म्हणून. त्याच्या दारात उभी राहून जर ती मोटारच रोज जगाला सांगू लागली, की 'या घरी काटकसर चालू आहे', तर ती त्याने कशाला घ्यावी? गरिबाला स्वस्त वस्तू हवी असते, पण गरिबाची वस्तू नको असते. या दोहोंत जे अंतर आहे, त्याला मी तरी खोटा डौल म्हणणार नाही. त्यात स्वाभिमानाचाही एक अंश आहे.

मात्र याच ठिकाणी एक फसवी वाट फुटते. लोक काय म्हणतील म्हणून घेतलेली वस्तू आपली नसते. आणि लोक काय म्हणतील म्हणून सोडलेली वस्तूही आपण सोडलेली नसते. मी हे बोलून दाखवणार होतो. माझे वाक्य जुळलेही होते. इतक्यात दारात उभ्या असलेल्या पत्नीने, हातातील पोह्यांची बशी खाली न ठेवता, पुतण्याला म्हटले, "तुझ्या काकांना स्कूटरची गोष्ट सांगायला सांग."

वाचकहो, ती गोष्ट मी गेली चाळीस वर्षे सांगत आलो आहे. लग्नात, मुंजीत, निवृत्तीच्या समारंभात. 1978 साली मी अनामत भरून स्कूटरसाठी नाव नोंदवले होते. त्या काळी स्कूटर ही दुकानात जाऊन घ्यावयाची वस्तू नव्हती. तिला नंबर लागावा लागे, जसा आता शाळेत लागतो. माझा नंबर 1985 साली लागला. पैसे साठवलेले होते. आणि ऐन वेळी मी नंबर सोडून दिला, पैसे मुदतठेवीत घातले आणि जाहीर केले, की 'दोन पायांच्या माणसाला दोन चाकांची गरज काय? स्टेशन तर दहा मिनिटांवर आहे.' या वाक्यावर लोक हसत, माना डोलवत, आणि मी आपल्याला संयमी पुरुष समजत असे.

पत्नी म्हणाली, "त्यात एक गोष्ट ते सांगत नाहीत. मला विचारलं नव्हतं."

ती रागाने बोलली नाही. चाळीस वर्षांत राग उरतच नाही; उरते ती नोंद. तिने पुतण्याला सांगितले, की स्कूटर येणार म्हणून सात वर्षे तिने मनात एक बेत धरून ठेवला होता. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, पूर्वेला शिवमंदिरापर्यंत जायचे आणि यायचे. बस्स, एवढाच. "आणि खरं सांगू का रे," ती पुढे म्हणाली, "तुझ्या काकांना स्कूटर फार आवडायची. रस्त्यातून गेली की मान वळवून बघायचे. भीती वाटली. चालवता येईल की नाही, पडलो तर लोक हसतील, याची भीती. मग म्हणाले, गरजच काय!"

गॅलरीत क्षणभर कोणीच बोलले नाही. मी पोह्यांतील मिरची शोधण्याचे काम फार लक्षपूर्वक करीत होतो. तिचे म्हणणे शब्दन् शब्द खरे होते, आणि ते खरे आहे हे मला 1985 सालीही ठाऊक होते.

कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि कोल्ह्याला हसतो. पण कोल्ह्याचा अपराध नेमका कोणता? द्राक्षे उंच होती, उडी पोचली नाही, यात अपराध नाही. उडी न मारण्याचे ठरवले असते, तरीही नाही. अपराध हा, की त्याने द्राक्षांची निंदा केली. आपण सोडलेल्या वस्तूला वाईट ठरवले. आणि मी तर कोल्ह्यापेक्षा एक पाऊल पुढे गेलो होतो. मी आंबट द्राक्षांचे व्रत केले, त्या व्रताचे पारणे दरवर्षी चारचौघांत फेडले, आणि ज्या बाईच्या वाट्याची द्राक्षे मी न विचारता टाकून दिली होती तिलाच त्या व्रताची साक्षीदार म्हणून शेजारी बसवले. भित्रेपणाला वैराग्याचे वस्त्र नेसवणे ही मध्यमवर्गातील फार जुनी कला आहे. त्या कलेत मी तयार होतो.

तेव्हा मला जाणवले, की पुतण्याचा प्रश्न थार की वॅगन-आर हा नव्हताच. परवडणारी वस्तू घेणे हे जात्याच पुण्य नाही, आणि आवडणारी घेणे हे जात्याच पाप नाही. पाप कोठे शिरते? आवडीची वस्तू घेताना तिचे बिल दुसऱ्यापासून लपवले, की तेथे. आणि परवडणारी घेताना आपली आवड स्वतःपासून लपवली, की तेथे. दोन्हीकडे शिरते ते एकच – असत्य. हे कळावयास मला एक स्कूटर, एक मुदतठेव आणि चाळीस वर्षे खर्च करावी लागली.

मी पुतण्याला म्हटले, "माझा सल्ला मी परत घेतो. तू असं कर. आईबाबांना बरोबर घे, दोन्ही गाड्या त्यांना दाखव, आणि हिशेबाचा कागद सगळ्यांच्या समोर ठेव. बाबांना विचार, की ते 3 लाख तुम्ही कशासाठी ठेवले होते? मग काय घ्यायचं ते घे."

पुढे जे घडले ते मी पाहिले नाही; भावाने सांगितले. चौघे दुकानात गेले – पुतण्या, त्याची बहीण आणि आईवडील. थारभोवती माझा भाऊ दोनदा फिरला. तिच्या टपावर त्याने हात ठेवला आणि म्हणाला, की कारखान्याच्या दारातून लष्कराची जीप आत येई तेव्हा तरुणपणी आपणही असेच पाहत असू. त्या पोराला तेव्हा प्रथम कळले, की आपले स्वप्न आपण कोठून उचलले. मग वहिनीला मागच्या बाकावर बसवण्याचा प्रयत्न झाला. तिचे गुडघे गेली चार वर्षे दुखतात. एक पाय वर गेला, दुसरा जाईना. मुलगी वरून ओढते आहे, विक्रेता खालून 'सावकाश, मावशी' म्हणतो आहे, आणि वहिनी अर्ध्या वाटेवर हसू आवरेना म्हणून अडकून पडलेली! शेवटी ती खाली उतरली आणि म्हणाली, "तुला घ्यायची तर घे हो. मी आपली रिक्षाने येईन मागून."

हिशेबाचा कागदही निघाला. त्या 3 लाखांविषयी भावाने आधी 'असेच ठेवले होते' असे म्हटले. मुलाने पुन्हा विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आईच्या गुडघ्यांसाठी. पण ते काय, पुढं बघता येईल."

दसऱ्याला त्यांच्या दारात वॅगन-आर आली. झेंडूची माळ, नारळ, चाकाखाली लिंबू, सारे यथासांग झाले. मी मुद्दाम पुतण्याजवळ गेलो. खरे सांगावयाचे तर मला भीती होती, की आता हा म्हणेल, 'थारमध्ये काय आहे हो! नुसता पत्रा! गावात कशाला हवी तसली गाडी!' म्हणजे आमच्या घराण्यात आणखी एक संयमी पुरुष तयार झाला असता.

तो म्हणाला, "काका, गाडी छान आहे. पण मला अजून थारच आवडते."

त्या उत्तराने मला जितका आनंद झाला तितका त्याच्या पहिल्या पगाराच्या पेढ्यांनीही झाला नव्हता. त्याने जे सोडले ते डोळे उघडे ठेवून सोडले होते, आणि सोडल्यावर त्याला नावे ठेवली नव्हती. अशा माणसाची हळहळ लवकर विषारी होत नाही. कदाचित पाचसात वर्षांनी तो थार घेईलही; तेव्हाही तो बिल लपवणार नाही, असा मला भरवसा आहे.

त्याच संध्याकाळी तो गाडी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "काकू, चला," एवढेच म्हणाला. आम्ही दोघे मागे बसलो. बसावयास कष्ट पडले नाहीत. पुलावरून रेल्वेचे रूळ ओलांडून आम्ही पूर्वेला गेलो आणि वालधुनीच्या काठी शिवमंदिरापाशी उतरलो.

हे देऊळ आमच्या गावाचे सर्वांत जुने रहिवासी. त्यातील शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा. शिलाहार राजा छित्तराज याने ते बांधावयास घेतले आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात ते पुरे झाले, असे जाणकार मानतात. एकाचे स्वप्न, दुसऱ्याचा खर्च! त्या भावाला कोणी विचारले होते की नाही, हे शिलालेखावरून समजत नाही. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते, आणि आत उभे राहून वर पाहिले तर शिखर नाही. सरळ आकाश दिसते.

पायऱ्या उतरताना पत्नीने माझा हात धरला. वर आल्यावर ती थोडा वेळ नंदीपाशी टेकली आणि म्हणाली, "स्कूटरवरून आले असते, तर पदर सांभाळावा लागला असता."

ती माझी समजूत घालत होती. चाळीस वर्षांनी का होईना, आंबट द्राक्षांचा एक घोस ती माझ्यासाठी उचलत होती. पण आता तेवढी फसवणूकही मला नको होती.

"नाही," मी म्हणालो, "मजा आली असती."

"आली असती," ती म्हणाली. आणि आम्ही गाडीकडे निघालो.